तेलगळतीनंतर किनारा पुन्हा उभा करताना: सफाई कुठे थांबवायची, लागवड कधी सुरू करायची

भरतीरेषा (धागाकर्ता)

तेलगळतीवरच्या बहुतेक चर्चा तवंग गोळा करण्यापाशी संपतात. बूम (तेल अडवायचे तरंगते पट्टे) कुठे लावले, किती टन तेल उचललं, किती पक्षी धुतले. लांबलचक काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्यातली सगळ्यात महाग पडणारी चूक बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होऊन गेलेली असते. म्हणून धागा तिथूनच सुरू करतोय.

१६ मार्च १९७८ ला ‘अमोको काडिझ’ हा टँकर फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर फुटला. सुमारे २,२३,००० टन तेल सांडलं. इल ग्रांदच्या खाऱ्या दलदलीत ते इतकं साचलं की यंत्रं घालून वरचा थर खरवडून काढला, काही ठिकाणी ५० सेंटिमीटरपर्यंत. तेल गेलं. पण त्यासोबत मुळं गेली, गाळ गेला आणि जमिनीची पातळीही गेली. त्याच किनाऱ्यावरची न खरवडलेली तेलकट दलदल पाचेक वर्षांत सावरली. खरवडलेला भाग त्याच्या बराच मागे राहिला.

असं का होतं? दलदलीतलं गवत भरती-ओहोटीच्या अगदी अरुंद पट्ट्यात जगतं. पातळी वीत-दीड वीत खाली गेली की मुळं जास्त वेळ पाण्याखाली राहतात, चिखलातला प्राणवायू संपतो, सल्फाइड साचतं आणि नवं रोप कुजतं. तेल सूक्ष्मजीव आज ना उद्या खातात. गेलेला गाळ मात्र कोणी परत आणून देत नाही.

खडकाळ किनाऱ्याचीही हीच गत. १९६७ च्या ‘टोरी कॅनियन’ गळतीत कॉर्नवॉलच्या खडकांवर जवळपास १०,००० टन डिटर्जंट ओतलं. त्याने तेलापेक्षा जास्त जीव मारले. शेवाळ खाणाऱ्या शंखगोगलगायी मेल्या, खडकांवर हिरवं शेवाळ माजलं, आणि जिथे रसायन भरपूर पडलं होतं तिथला समतोल परत यायला दहा वर्षांहून जास्त लागली. ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ (अलास्का, २४ मार्च १९८९) मध्ये गरम पाण्याचे जोरदार फवारे मारले. खडक स्वच्छ दिसले, पण खडकावरचे जीव भाजून गेले आणि बारीक वाळू-गाळ धुऊन खालच्या पट्ट्यात गेला, तेलासकट.

तेव्हा काम सुरू करण्याआधीच ‘इथे थांबायचं’ ही रेषा लेखी ठरवा. किनाऱ्याचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्याचा प्रकार (पुळण, गोटे, खडक, दलदल, खारफुटी), तेलाची रुंदी, जाडी, किती टक्के भाग झाकलाय आणि तेल किती खोल गेलंय हे एकाच नमुन्याच्या तक्त्यात भरा. मग तुकड्यागणिक थांबायची खूण लिहा. दलदलीसाठी माझी खूण अशी: भरतीच्या पाण्यावर नवा तवंग सुटत नाही, आणि गवताच्या काडीवर पांढरा शोषक कापड दाबून धरला तर त्याला तेल लागत नाही. काडीवर सुकलेला काळा डाग उरला तर उरू द्या. डाग दिसायला वाईट दिसतो, पण त्याच्यासाठी माणसं चिखलात उतरवली तर प्रत्येक पावलागणिक तेल खाली, बिनप्राणवायूच्या थरात दाबलं जातं. तिथे ते दशकानुदशकं तसंच राहतं.

आत शिरणं अटळ असेल तर फळ्या टाकून वाट करा. शक्यतो होडीतूनच समुद्राच्याच तापमानाचं पाणी कमी दाबाने सोडून तेल बाहेर आणा आणि पाण्याच्या कडेला शोषक बूमने पकडा. धुणं भरती उतरू लागल्यावर करा, चढत्या भरतीत तेल उलट आत जातं.

नमुनापेटी

चांगला विषय. पण एक पायरी याच्याही आधीची आहे आणि ती एकदा हुकली की परत मिळत नाही: तेल किनाऱ्याला लागण्यापूर्वीचे नमुने. तवंग किनाऱ्यापासून ३०-४० किलोमीटर दूर असतो तेव्हाच पथक पाठवून गाळ, पाणी, शिंपल्या घेऊन ठेवायच्या. ‘आधी इथे काय होतं’ हे सांगता आलं नाही तर ‘किती गेलं’ हेही सांगता येत नाही, आणि पुढची नुकसानभरपाईची सगळी मागणी त्यावरच उभी असते.

साहित्य: द्रावकाने धुतलेल्या गडद काचेच्या बाटल्या, टेफ्लॉनच्या अस्तराची झाकणं. प्लॅस्टिकची पिशवी किंवा साधा डबा नको, प्लॅस्टिकमधून हायड्रोकार्बन नमुन्यात उतरतात आणि नमुन्यातले प्लॅस्टिकमध्ये शिरतात. सनस्क्रीन लावलेल्या हातांनी नमुना घ्यायचा नाही. होडीचं इंजिन बंद करून, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून घ्यायचा. गाळाचा वरचा २ सेंटिमीटर थर वेगळा, आणि नळी खोचून काढलेला निदान ३० सेंटिमीटरचा गाभा वेगळा. बर्फात ४ अंशांवर ठेवा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर गोठवा, पण तेव्हा बाटली काठोकाठ भरू नका, फुटते. प्रत्येक बाटलीसोबत कोणी घेतली, कोणाला दिली, किती वाजता याची सहीनिशी साखळी हवी. ती एका ठिकाणी जरी तुटली तरी समोरचा वकील तो नमुना बाद करून घेतो.

प्रयोगशाळेला ‘१६ पीएएच (जोडलेल्या बेन्झीन कड्यांची विषारी संयुगं) तपासा’ एवढंच सांगितलं तर पैसे वाया. ती यादी प्रदूषणाच्या सर्वसाधारण तपासणीकडे बघून बनलेली आहे. कच्च्या तेलातली बहुतेक पीएएच संयुगं अल्किल शाखा असलेली असतात आणि ती त्या यादीत नाहीत. अल्किल नॅफ्थलीन, फिनॅन्थ्रीन, डायबेन्झोथायोफीन, क्रायसीन यांचे गट मागा. त्याच्यासोबत होपेन मागाच. होपेन हे तेलातलं फार चिवट संयुग आहे, सूक्ष्मजीव त्याला सहजी हात लावत नाहीत. म्हणून ‘तेल कमी झालं’ हे ‘होपेनच्या तुलनेत कमी झालं का’ असं बघायचं. तेल नुसतं लाटांनी धुऊन गेलं असेल तर दोन्ही सारखेच कमी होतात. खरोखर कुजलं असेल तर होपेन मागे राहतं आणि बाकीचे घटतात.

खाजणवाट

खारफुटीबद्दल लिहितो, कारण तिथे घाई सगळ्यात जास्त नडते.

आधी झाड मरतं कसं ते बघू. तिवरासारख्या झाडांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्या सालीवर बारीक श्वासरंध्रं असतात. जड तेल ती रंध्रं बुजवतं आणि खालची मुळं गुदमरतात. हलकं तेल, म्हणजे डिझेलसारखं, बुजवत नाही पण पेशींत शिरून विषासारखं काम करतं. म्हणून तवंग पातळ दिसला तरी हलक्या तेलाला हलकं समजू नका. पानं पिवळी पडून गळायला काही आठवडे लागतात, आणि झाड पुरतं मरायला ६ ते १२ महिने लागू शकतात. एवढ्या काळात कुऱ्हाड चालवायची नाही. शंका आली तर नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे, करडं आणि कोरडं असेल तर त्या फांदीची आशा सोडा, पण खोड पुन्हा तीन महिन्यांनी तपासा.

मेलेली खोडंही तशीच उभी राहू द्या. ती लाटा मोडतात, गाळ धरून ठेवतात, आणि वाहत आलेल्या शेंगा (झाडावरच रुजलेल्या खारफुटीच्या बिया) त्यांच्या मुळांत अडकून रुजतात.

आता लागवड. ‘हजार रोपं लावली’ ही बातमी होते, ‘तीन वर्षांनी किती उरली’ ही होत नाही. रोपं मरण्याचं मुख्य कारण तेल नसतंच, चुकीची पातळी असते. लावायला जागा मोकळी आणि सोपी म्हणून ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलमैदानावर रोपं लावली जातात. खारफुटी तिथे मुळात नव्हतीच, कारण तिला सरासरी समुद्रपातळीच्या वरचा पट्टा लागतो. एकूण वेळेच्या तीस टक्क्यांहून कमी काळ पाण्याखाली, असा ढोबळ अंदाज धरा. रोपाच्या खोडावर बार्नेकलचा (घट्ट चिकटून बसणारे कवचधारी जीव) जाड थर बसू लागला तर तो खरवडत बसू नका, ती जागा खाली आहे याची ती खूण आहे.

पातळी मोजायला महागडं यंत्र नसेल तर गवंडी वापरतात ती पारदर्शक पाणीनळी पुरते. जवळच्या निरोगी खारफुटीत सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं झाड कोणत्या पातळीला आहे ते नळीने खांबावर उतरवून घ्या, मग त्याच खुणा नव्या जागेत न्या. एक-दोन सेंटिमीटरचा फरक राहील, तेवढा चालतो. नळीत बुडबुडा राहिला नाही ना एवढं बघा, नाहीतर सगळी मोजणी सरकते.

त्यानंतर चाचणी. तेल लागलेल्या चिखलात २०-३० रोपं आणि तशाच पातळीच्या स्वच्छ चिखलात तेवढीच. तीन-चार महिने दर पंधरा दिवसांनी नव्या पानांच्या जोड्या मोजा. दोन्हीकडे सारखी वाढ असेल तरच मोठी लागवड. तेलकट वाफ्यात पानं गुंडाळली, मुळांची टोकं काळी पडून बोथट झाली, तर आणखी एक हंगाम थांबा.

कांदळाची शेंग झाडावरून काढताना फळ आणि शेंग यांच्यामधली कडी बघा. ती पिवळसर होऊन फुगली की शेंग पिकली. काही दिवस ओलसर सावलीत ठेवून मग लावली तर खेकडे कमी खातात. ५ ते ७ सेंटिमीटर खोचा, जास्त नाही. ‘भक्कम बसावी’ म्हणून अर्धी गाडली की खालचा भाग कुजतो. अंतर एक ते दीड मीटर. तिवराच्या बिया इतक्या हलक्या असतात की लाट घेऊन जाते, त्यांची रोपं पिशवीत ६ ते १२ महिने वाढवूनच लावा.

ओलीवाळू

धाग्यातली माहिती साठवून ठेवली आहे. दोन प्रश्न. पुळणीवर तेल वाळूखाली गाडलं जातं ते शोधायचं कसं? आणि खतं टाकून सूक्ष्मजीव वाढवण्याबद्दल बरंच वाचायला मिळतं, ते खरंच उपयोगी पडतं का, आणि किती टाकायचं?

भरतीरेषा

पहिल्याचं उत्तर देतो, दुसरं जाणकार देतील.

तेल लागल्यावर एक-दोन उधाणं गेली की त्यावर स्वच्छ वाळूचा थर चढतो. वरून पुळण पांढरी शुभ्र दिसते आणि अर्ध्या मीटरखाली तपकिरी पट्टी असते. म्हणून किनाऱ्याला काटकोनात रेघ धरून तीन ठिकाणी तरी चर खणा: वरच्या वाळूच्या उंचवट्यावर, मधल्या उतारावर आणि ओहोटीच्या रेषेजवळ. प्रत्येक चर एक मीटर खोल. भिंत फावड्याने सरळ कापा, पट्टी लावून फोटो काढा, थराची वरची आणि खालची खोली लिहा. ‘डीपवॉटर होरायझन’च्या (मेक्सिकोच्या आखातातली तेलविहिरीची गळती, २०१०) वेळी एक वेगळीच डोकेदुखी निघाली. तेल आणि वाळू मिळून जड चादरी झाल्या आणि किनारा व पहिल्या वाळूच्या दांड्यामधल्या उथळ पाण्यात बुडून बसल्या. वजनाने त्यात बहुतांश वाळूच. दर वादळानंतर त्या फुटून डांबरगोळे किनाऱ्यावर येत राहिले. त्यामुळे ‘किनारा साफ झाला’ असं लिहिण्याआधी गुडघाभर ते छातीभर पाण्यातला तळही चाचपावा लागतो.

वाळू उचलून नेणं हा शेवटचा उपाय ठेवा. तेलाचं प्रमाण थोडं असेल तर ती वाळू ओहोटीला यंत्राने लाटांच्या पट्ट्यात सरकवून ठेवा. लाटा घुसळून तेल सोडवतात आणि वाळू परत वर टाकतात. सुटलेलं तेल पकडायला बाहेर शोषक बूम हवाच. कासवांची विणीची वेळ असेल तर रात्री यंत्रं आणि दिवे बंद. आणि भरतीरेषेवर वाहून आलेलं, तेल न लागलेलं शेवाळ-काडीकचरा झाडून नेऊ नका. बारीक कवचधारी जीव त्यात राहतात आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्यांच्यावर जगतात.

सूक्ष्मजीवी

खताबद्दल. उपयोग होतो, पण फक्त जिथे प्राणवायू आहे आणि नायट्रोजन कमी पडतोय तिथे. म्हणजे गोटे, जाड वाळू, उघडी पुळण. ‘व्हाल्डीझ’च्या गोट्यांच्या किनाऱ्यांवर खत वापरलं गेलं आणि वरच्या थरात कुजण्याचा वेग वाढला. दलदलीच्या चिखलात मात्र काही मिलिमीटरखाली प्राणवायूच नसतो. तिथे खत टाकलं तर तेल तसंच राहतं आणि शेवाळ माजतं.

हिशेब असा करा. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं गुणोत्तर १००:५:१ धरा. समजा वाळूच्या वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये किलोमागे ५ ग्रॅम तेल आहे. एका चौरस मीटरखाली साधारण २४० किलो वाळू, म्हणजे १.२ किलो तेल, त्यातला कार्बन साधारण १ किलो. त्याला ५० ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम फॉस्फरस. हा एकूण आकडा आहे, एका वेळचा डोस नव्हे. एकदम टाकलं तर पुढची भरती ते धुऊन नेते, आणि युरिया किंवा अमोनियाचं खत असेल तर साचलेल्या पाण्यात खेकडे-कोळंबी मरतात. बघायचं ते वाळूच्या कणांमधल्या पाण्यातलं नायट्रेट: त्यातला नायट्रोजन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास टिकून राहिला तर बॅक्टेरियाचा वेग जवळजवळ पूर्ण असतो. छोटी सच्छिद्र नळी वाळूत खोचून आठवड्यातून एकदा पाणी ओढा, मोजा, कमी असेल तरच पुढचा हप्ता. आधी एकदा न टाकता मोजा. शेतीचं पाणी येणाऱ्या खाडीत एवढा नायट्रोजन आधीच असतो, तिथे खताचा खर्च वाया.

बाटलीतले ‘तेल खाणारे जिवाणू’ विकत घेऊ नका. ते जिवाणू प्रत्येक किनाऱ्यावर आधीच असतात आणि तेल आलं की काही दिवसांत स्वतःच वाढतात. बाहेरून आणलेले त्यांच्यासमोर टिकत नाहीत.

खाजणवाट

सूक्ष्मजीवी यांच्या ‘प्राणवायू नाही तिथे तेल तसंच राहतं’ या वाक्याला धरून. १६ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेतल्या वेस्ट फालमाउथजवळ ‘फ्लोरिडा’ नावाच्या बार्जमधून सुमारे सात लाख लिटर इंधनतेल सांडलं. तीस वर्षांनी तिथल्या दलदलीचा गाभा काढला तर साधारण ६ ते २८ सेंटिमीटर खोलीत तेल तसंच होतं. फिडलर खेकड्यांनाही ते कळत होतं. खेकडा सरळ खाली बीळ खणतो. तिथे मात्र तेलाच्या थरापाशी पोचला की बीळ आडवं वळत होतं. निरोगी भागातली बिळं साधारण दुप्पट खोल.

ही तपासणी कुठेही करता येते. ओहोटीला बिळात पातळ कालवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, घट्ट झालं की बाजूने खणून साचा अलगद काढा, धुवा, लांबी आणि वळण मोजा. तेलकट भागातले वीस आणि निरोगी भागातले वीस साचे शेजारी मांडले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. (बिळातल्या खेकड्याला आधी बाहेर येऊ द्या.)

खेकड्यांचं महत्त्व उलट बाजूनेही आहे. बिळांमधून हवा खाली जाते. १९९१ च्या आखाती युद्धातल्या गळतीत सौदी अरेबियाचा सुमारे ८०० किलोमीटर किनारा माखला. खेकड्यांच्या बिळांमधूनच तेल खोल उतरलं, खेकडे मेले, आणि वरून सायनोबॅक्टेरियाच्या चिवट सालीने जमीन सीलबंद झाली. पाणी आत मुरेना, बी रुजेना. पुढे तिथे जे काम झालं त्यात बुजलेले भरतीचे चर पुन्हा खणणं हा मोठा भाग होता. चर खणला, पाणी खेळू लागलं, कडेने खेकडे परत आले आणि मागोमाग रोपं आली. मेलेल्या दलदलीत रोपं नेण्याआधी पाणी न्यायचं ते यासाठी.

भरतीरेषा

हे मान्य, पण ‘थांबा, निसर्ग करेल’ हे सगळीकडे लावू नका. ‘डीपवॉटर होरायझन’च्या तेलानंतर अमेरिकेतल्या लुईझियानात थांबणं परवडणारं नव्हतं. बाराटारिया उपसागराच्या काठावर गवताच्या काड्या जवळजवळ पूर्ण माखल्या, मुळं मेली, आणि मुळांनी धरलेली कड लाटांनी तुटू लागली. जमीन तुटली की गवत परत यायला जागाच उरत नाही. तिथे आडव्या पडलेल्या गवताखाली तेलाच्या जाड चादरी होत्या. हाताने दाताळं मारून, कापून त्या काढलेल्या आणि मग स्पार्टिना (तिथलं दलदलीतलं गवत) लावलेले भाग नुसत्या यंत्रांनी साफ केलेल्या भागांपेक्षा आणि तसंच सोडलेल्या भागांपेक्षा चांगले सावरले. म्हणजे प्रश्न एकच: कड स्थिर आहे की तुटतेय? दहा-दहा मीटरवर खुंट ठोका, कडेपासूनचं अंतर दर महिन्याला मोजा. सरकत असेल तर साफ करा आणि त्याच हंगामात लावा.

लावताना एकेक काडी सुटी-सुटी नको. मऊ, बिनप्राणवायूच्या चिखलात जुडीने लावलेली रोपं चांगली जगतात. त्यांच्या मुळांमधून झिरपणारा प्राणवायू एकमेकांना पुरतो.

कालवेतळ

कालवांचा विषय अजून कोणी काढला नाही. २०१० मध्ये लुईझियानात तेल आत येऊ नये म्हणून मिसिसिपीचं गोडं पाणी दारं उघडून उपसागरांत सोडलं. तेल किती अडलं हा वेगळा वाद, पण क्षारता इतकी उतरली की कालवांचे थर मोठ्या प्रमाणात मेले. बचावाच्या कामामुळे झालेलं नुकसानही नुकसानीतच धरायचं असतं, हे नोंदींमध्ये बरेचदा राहून जातं.

थर परत उभा करायचा तर कालवाच्या पिल्लाला बसायला टणक पृष्ठभाग हवा: जुनी शिंपलं किंवा चुनखडीची खडी. आधी तळ तपासा. लांब बांबू तळाला टेकवून अंगाचा भार द्या. वीतभर आत गेला तर टाकलेली शिंपलं चिखलात गडप होतील, ती जागा सोडा. क्षारता वर्षातला बराच काळ हजारी १० ते २० च्या दरम्यान हवी. त्याहून खूप खारट झालं की कालवं पोखरणारे शंख आणि रोग वाढतात. थर निदान १० सेंटिमीटर, म्हणजे हेक्टरला १,००० घनमीटर माल. हॉटेलांतून आलेली शिंपलं उन्हात निदान तीन ते सहा महिने, पलटत पलटत वाळवा, नाहीतर रोग आणि परके जीव सोबत येतात.

वेळ सगळ्यात महत्त्वाची. अंडी सुटण्याच्या हंगामाच्या अगदी तोंडावर माल टाका. दोन-तीन महिने आधी टाकला तर त्यावर गाळ आणि शेवाळ बसतं आणि पिल्लं चिकटत नाहीत. मोजणी चौरस चौकटीने: २५ मिलिमीटरखालची, २५ ते ७५ ची आणि ७५ च्या वरची वेगवेगळी मोजा. पहिल्याच वर्षी भरपूर पिल्लं दिसली म्हणून हुरळू नका. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर मधल्या गटात किती आहेत तो आकडा खरा.

हिशेबवही

नमुनापेटी यांनी ‘मागणी’ हा शब्द वापरला, त्याचा हिशेब. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एक, बिघडलेली जागा पूर्ववत करणं. दोन, ती पूर्ववत होईपर्यंतच्या वर्षांत समाजाने आणि निसर्गाने जे गमावलं त्याची दुसरीकडे भरपाई. दुसरा भाग सोडून दिला जातो आणि तोच मोठा असतो. ‘डीपवॉटर होरायझन’मध्ये २०१६ साली झालेल्या २०.८ अब्ज डॉलरच्या तडजोडीत निसर्गसंपत्तीच्या नुकसानीसाठी ८.८ अब्जपर्यंत रक्कम ठरली, ती हे दोन्ही धरून.

पद्धत: हेक्टर-वर्ष. समजा १०० हेक्टर दलदलीचं काम ६० टक्क्यांनी घटलं आणि ८ वर्षांत सरळ रेषेत सावरलं. तोटा १०० × ०.६ × ८ ÷ २ = २४० हेक्टर-वर्षं. नवी दलदल १० वर्षांत हळूहळू ८० टक्क्यांपर्यंत येते आणि पुढची १० वर्षं टिकते असं धरा. एका हेक्टरमागे ४ + ८ = १२ हेक्टर-वर्षं. म्हणजे २० हेक्टर नवी दलदल.

आता काळाची किंमत घाला, वर्षाला ३ टक्के. भरपाईचं काम गळतीच्याच वर्षी सुरू झालं तर २० चे साधारण २६ हेक्टर होतात. पाच वर्षं उशिरा सुरू झालं तर साधारण ३०. कोर्टकचेरीत गेलेली पाच वर्षं म्हणजे चार हेक्टर दलदल. उशिराची किंमत कागदावर अशी मांडली की वाटाघाटी लवकर हलतात.

मात्र ‘८० टक्के’ हा आकडा कुठून आणला ते लिहा. हिरवाई तीन वर्षांत येते, मुळांचं वजन आणि मातीतला सेंद्रिय अंश यायला त्याच्या कितीतरी पट काळ लागतो. फोटोवरून टक्केवारी लावली तर हिशेब खोटा ठरतो.

ओलीवाळू

मग ती २०-३० हेक्टर नवी दलदल प्रत्यक्षात तयार कशी करतात? नदीचा गाळ वळवणं हा मार्ग कसा?

भरतीरेषा

मुख्य रीत म्हणजे उपसलेला गाळ पाण्यासोबत पंपाने आणून उथळ जागेत भरणं. आधी भोवती मातीचा बांध. बांधाच्या आत, भरण्याआधी, तळावर पोलादी पत्रे ठेवायचे ज्यांना वर उभा पाइप जोडलेला असतो. पाइपचं टोक दर महिन्याला मोजलं की खालचा मऊ तळ भारामुळे किती दबला ते कळतं, आणि शेजारची गाळाची पातळी मोजली की वरचा गाळ किती बसला ते. हे दोन्ही वेगळे आहेत आणि दोन्ही धरूनच सुरुवातीची उंची ठरवावी लागते. कमी भरलं तर तीन वर्षांत परत पाणी. जास्त भरलं तर भरती पोचत नाही, झुडपं माजतात. गाळ बसला की बांध ठिकठिकाणी फोडायचाच. तो तसाच राहिला तर आत मासे येत नाहीत, पाणी तुंबतं आणि आपण दलदलीऐवजी तळं बांधलेलं असतं. गाळ शेजारच्याच उथळ तळातून उचलू नका, तिथे खड्डा झाला की लाटा मोठ्या होऊन त्याच कडेवर येतात.

नदी वळवण्याचा मोठा प्रकल्प बाराटारियातच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये काम सुरू झालं, खर्चाचा अंदाज ३ अब्ज डॉलरच्या आसपास गेला आणि जुलै २०२५ मध्ये तो रद्द झाला. कालवं आणि कोळंबीवर पोट असलेल्यांना गोड्या पाण्याची भीती होती, ती रास्तच होती. तरीही बुडत्या त्रिभुज प्रदेशाला गाळाचा दुसरा कायमचा स्रोत नाही, त्यामुळे मला त्याचं वाईट वाटतं. पंपाने भरलेली दलदल एकदाच भरली जाते, नदी दर पुराला भरते.

त्याच उपसागरात छान झालेलं काम म्हणजे क्वीन बेस बेट. तपकिरी पेलिकनांच्या विणीचं ठिकाण, झिजून विणीजोगी जागा पाचेक एकर उरली होती. २०२० पर्यंत गाळ भरून साधारण ३७ एकर केली. पेलिकनांसाठी झुडपं आणि कुरव-पाणचिऱ्यांसाठी उघडी खडी, असे वेगळे भाग ठेवले. सगळीकडे हिरवळ लावली असती तर जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आलेच नसते.

ओलीवाळू

शेवटचं विचारतो. किती वर्षं मोजत राहायचं?

नमुनापेटी

वनस्पती आणि पातळी निदान दहा वर्षं: पहिली तीन वर्षं दर हंगामाला, नंतर वर्षातून एकदा, त्याच खुंटावर, त्याच महिन्यात. तीन तरी निरोगी जागा सोबत मोजा, नाहीतर दुष्काळाचा किंवा वादळाचा परिणाम तेलाच्या नावावर जातो. गाळातलं तेल मात्र संपेपर्यंत.

खड्डे कुठे घेता याकडेही लक्ष द्या. ‘व्हाल्डीझ’नंतर बारा वर्षांनी, २००१ मध्ये, प्रिन्स विल्यम साउंडच्या ९१ ठिकाणी सुमारे ९,००० खड्डे खणले. निम्म्याहून जास्त ठिकाणी तेल निघालं. आधीची समजूत होती की उरलंसुरलं तेल भरतीच्या वरच्या पट्ट्यात असेल, आणि जुने खड्डेही मुख्यतः तिथेच होते. ते अपेक्षेपेक्षा खूपच जास्त सापडलं खालच्या पट्ट्यात, जिथे समुद्री ऊदमांजरं शिंपल्या उकरून खातात. म्हणून निम्मे खड्डे खालच्या पट्ट्यात ठेवा, निदान अर्धा मीटर खोल, आणि उधाणाच्या ओहोटीच्या दिवशीच जा. भांगाच्या ओहोटीला तो पट्टा उघडाच पडत नाही.